पाचवीचा निकाल दुसरीतच लागतो

2023-24 पासून महाराष्ट्रात राज्य मंडळाच्या शाळांत पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा सुरू झाली. त्याआधी, म्हणजे 2010 साली शिक्षण हक्क कायदा लागू झाल्यापासून, आठवीपर्यंत कुणाला त्याच वर्गात मागे ठेवायचं नाही असा दंडक होता. आता पाचवीत विषयात किमान 35 टक्के गुण पडले नाहीत तर दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा, आणि तीही हुकली तर पाचवीतच आणखी एक वर्ष. मिरा-भाईंदरमधल्या बऱ्याच घरांत हा नियम कळतो तो निकालाच्या दिवशी. मग ठरलेला प्रश्न येतो: चौथीपर्यंत तर बरी श्रेणी होती, मग एकदम काय झालं?

एकदम काहीच झालेलं नसतं. चौथीपर्यंत मूल्यमापनात तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम, वहीची टापटीप हे सगळं धरलं जातं. त्यात गैर काही नाही. पण गुपचूप मागे पडलेलं, कुणाला त्रास न देणारं मूल त्यातून सहज पुढे सरकतं. पहिली-दुसरीत ते वाचायला शिकत असतं. तिसरीत परिसर अभ्यासाचं पुस्तक हातात आलं की वाचूनच शिकावं लागतं. गणितातही शाब्दिक उदाहरणं वाढतात. ज्याचं वाचन दुसरीत अडलं, त्याचे सगळे विषय एकदम अडतात आणि घरी मात्र 'हल्ली लक्षच नसतं' एवढंच बोललं जातं. म्हणून माझं पालकांना पहिलं सांगणं असं की प्रगतिपुस्तक बाजूला ठेवा आणि आपलं मूल समजून वाचतं का, हे स्वतः तपासा. 'प्रथम' संस्था 2005 पासून 'असर' पाहणीत खेड्यापाड्यांतल्या मुलांचं वाचन असंच तपासते: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. ही पाहणी ग्रामीण भागापुरती आहे, त्यामुळे आपल्यासारखी शहरं तिच्यात येत नाहीत. पण ती पद्धत स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभं राहूनही वापरता येते.

मूल तिसरीत असेल तर दुसरीचं पुस्तक घ्या. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात. वर्गात झालेला धडा घेऊ नका, कारण तो पाठ असतो. पुष्कळ मुलं ओळीवरून बोट फिरवत धडा घडाघडा म्हणतात आणि बोट भलत्याच शब्दावर असतं. न वाचलेला परिच्छेद द्या. अडखळलं तर अडखळू द्या, मधे शब्द पुरवू नका. मग दोन प्रश्न विचारा. एकाचं उत्तर मजकुरात सरळ असावं, आणि दुसऱ्याचं मजकुरात नसावं पण त्यावरून कळण्यासारखं असावं. 'छत्री कुणी विसरली?' हे पहिल्या प्रकारातलं, 'आई रागावली का असेल?' हे दुसऱ्या. पहिल्याचं उत्तर आलं आणि दुसऱ्याचं नाही, तर मूल अक्षरं वाचतंय, गोष्ट वाचत नाही. जोडाक्षरं आणि मात्रांवर अडत असेल तर दुखणं आणखी मागचं आहे आणि उपायही सोपा आहे: रोज थोडं वाचन, मोठ्यानं, शेजारी कुणीतरी बसून. इंग्रजी माध्यमातल्या मुलाची तपासणी शाळेच्या पुस्तकावर करा, पण प्रश्न घरच्या भाषेत विचारा. शास्त्राचा परिच्छेद खणखणीत इंग्रजीत वाचणारं मूल 'म्हणजे काय रे?' म्हटल्यावर गप्प बसतं, हे पाहायला फार दूर जावं लागत नाही.

गणिताचं तसंच. 52 मधून 27 वजा करायला सांगा. उत्तर 35 आलं तर रागावू नका, वही जवळ घेऊन पाहा. मुलानं पाचातून दोन काढले, तीन. आणि सातातून दोन काढले, पाच. त्याच्या मते नियम साधा आहे: मोठ्यातून लहान वजा करायचा, वर कोण आणि खाली कोण हे बघायचंच नाही. हा निष्काळजीपणा नव्हे, त्यानं स्वतः बसवलेला नियम आहे, आणि तो सगळ्या उदाहरणांत इमानानं पाळला जातो. 'नीट कर' म्हटल्यानं तो सुटत नाही. दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी त्याच्या हातात द्या आणि 27 रुपये मागा. दोन नोटा तो लगेच देईल. मग सात सुटे हवेत आणि हातात दोनच आहेत. 'मोड करून दे' हे त्याच्याच तोंडून येईल, कारण नवघर रोडवर भाजी घेताना त्यानं ते पाहिलेलं असतं. एक नोट मोडली की दोनाचे बारा सुटे होतात आणि 'हातचा' म्हणजे काय ते तिथं कळतं. मगच ते कागदावर उतरवा.

आता या शहराचं वेगळेपण. मिरा-भाईंदर 1985 साली नगरपरिषद झालं, 2002 साली महानगरपालिका झालं, आणि 2011 च्या जनगणनेतच लोकसंख्या आठ लाखांवर गेली होती. उत्तनचे कोळी, राई-मुर्धेची जुनी गावठाणं, काशिमिऱ्याचे आदिवासी पाडे, नयानगर, शांतीनगर, भाईंदर पूर्वेची स्टीलच्या भांड्यांची कारखानदारी आणि त्यात राबणारी उत्तरेकडची कुटुंबं. एका इमारतीत मराठी, गुजराती, मारवाडी, हिंदी, उर्दू अशा पाच भाषा सहज नांदतात. पालिकेच्या शाळाही मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू अशा माध्यमांच्या आहेत. मोठ्यांना भाषेवरून भांडायला 2025 च्या जुलैत हेच शहर मिळालं. पण वर्गातल्या सहा वर्षांच्या मुलाची भाषेची अडचण त्या भांडणाहून साधी आणि जास्त खरी आहे. घरी एक भाषा, खाली खेळताना दुसरी, शाळेत तिसरी, आणि शिकवणीच्या ताई बोलतात ती चौथी. मूल गोंधळत नाही, मुलं भाषा भराभर उचलतात. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी: कुठल्याच एका भाषेत त्याच्याशी कुणी लांबलचक बोलत नाही.

म्हणून माध्यम कुठलंही असो, घरची भाषा भरपूर बोला. आईवडिलांना इंग्रजी बेताचं येत असेल तर 'इट कर, सिट कर' अशी मोडकी इंग्रजी घरात आणून मुलाचं इंग्रजी सुधारत नाही; त्याच्या कानावर पडायची अस्सल मराठी तेवढी कमी होते. ज्या मुलाला मराठीत 'कारण', 'म्हणून', 'नाहीतर', 'तरीसुद्धा' घालून मोठं वाक्य करता येतं, त्याला ते इंग्रजीतही लवकर जमतं. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण द्यावं, असं युनेस्कोनं 1953 सालीच म्हटलंय आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ते आहे. तरीही इंग्रजी माध्यमच घ्यायचं ठरलं असेल तर त्यावर मी वाद घालणार नाही. मात्र तिसरी-चौथीत माध्यम बदलू नका, तेव्हा बदललं की मूल दोन्हीकडून सुटतं. आणि मराठी ज्यांची घरची भाषा नाही अशा शेजाऱ्यांनाही थोडं सांभाळून घ्या. 2020 च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली आणि मिरा रोडच्या कितीतरी मुलांचा घरी त्यासाठी कुणीच वाली नाही. वरच्या मजल्यावरचा मुलगा मराठीचं पुस्तक घेऊन आला तर आपल्याही मुलाला जवळ बसवा. दुसऱ्याला समजावून सांगताना आपलं किती कच्चं आहे ते त्याचं त्यालाच कळतं.

वयाचा मुद्दा कुणी फारसा काढत नाही. आपल्याकडे पहिलीच्या प्रवेशासाठी 31 डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे जानेवारीत जन्मलेलं आणि डिसेंबरात जन्मलेलं मूल एकाच बाकावर, आणि त्यांच्यात जवळजवळ वर्षाचं अंतर. सहाव्या वर्षी एक वर्ष म्हणजे आयुष्याचा सहावा हिस्सा. पेन्सिल धरणं, ओळीत लिहिणं, तासभर बसणं, सगळ्यात तो फरक दिसतो. वर्गातली सर्वांत लहान मुलं चाचण्यांत सरासरीनं मागे असतात आणि हे अंतर चौथीपर्यंतही पुरतं बुजत नाही, असं अनेक देशांच्या आकडेवारीवरून 2006 साली बेडार्ड आणि ड्यूई या अर्थतज्ज्ञांनी दाखवलं होतं. तेव्हा ऑक्टोबर ते डिसेंबरात जन्मलेल्या मुलाला 'ढ' म्हणण्याआधी कॅलेंडर बघा. आणि दिवाळीनंतर सहा पूर्ण होणाऱ्या मुलाला 'वर्ष कशाला वाया घालवायचं' म्हणून पहिलीत घालण्याची घाई करताना दोनदा विचार करा. एक वर्ष थांबलेलं मूल पुढे कुणाच्या लक्षातही येत नाही.

झोपेकडे वळू. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज नऊ ते बारा तास झोप लागते. आपल्या शहरात बाबा चर्चगेटहून रात्री दहा-साडेदहाला उतरतात, मूल त्यांची वाट पाहत जागं, मग जेवण, मग मोबाइल. सकाळी साडेसहाला शाळेची व्हॅन खाली हॉर्न देते. हिशेब कुठेच जुळत नाही. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवावेत असा आदेश राज्य सरकारनं फेब्रुवारी 2024 मध्ये काढला. तुमच्या शाळेत तो पाळला जातो का ते विचारा. नसेल तर कारण विचारा. जागेच्या अडचणीमुळे दोन पाळ्या चालवणाऱ्या शाळांची बाजूही खोटी नाही. तोवर घरात एवढं जमतं: मूल लवकर झोपवायचं आणि बाबांची भेट सकाळी. दुधाच्या कपाबरोबरची पंधरा मिनिटं रात्रीच्या पेंगुळलेल्या तासापेक्षा जास्त उपयोगाची आहेत.

डोळे, कान आणि पोट यांची तक्रार मूल स्वतःहून करत नाही, कारण सगळ्यांना असंच दिसतं-ऐकू येतं असं त्याला वाटत असतं. फळ्यावरचं उतरवताना चुकतं पण पुस्तकातलं नीट उतरवतं, तर डोळे तपासा. सर्दी वारंवार होते आणि पावसाळ्यात जास्त 'दुर्लक्ष' करतं, तर कान. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात सरकारी आणि अनुदानित शाळांतली तपासणी वर्षातून एकदा असते. त्या दिवशी मूल गैरहजर राहू देऊ नका आणि तपासणाऱ्यांनी चिठ्ठी दिली असेल तर ती दप्तरात कुजू देऊ नका. जंताची गोळीही शाळेत मिळते, ती घेतली का ते विचारा. आणि नाश्ता. उपाशी पोटी पहिल्या तासाला गणित असेल तर हातच्याचं काय होणार ते वेगळं सांगायला नको.

शिकवणीबद्दल मात्र थोडं कडक बोलावं लागेल. शांतीनगरात असो की गोल्डन नेस्टला, इमारतीच्या फाटकावर 'नर्सरी ते दहावी, सर्व विषय' अशी पाटी दिसल्याशिवाय राहत नाही. पहिलीच्या मुलाला शिकवणी लावण्यामागे आईवडिलांची मजबुरी मला कळते. दोघंही सातनंतर घरी येतात आणि मूल कुठेतरी सुरक्षित हवं. मग ते पाळणाघर आहे, असं स्वच्छ म्हणा आणि तेवढीच अपेक्षा ठेवा. कारण बहुतेक ठिकाणी एवढंच होतं: वीस मुलं चटईवर, गृहपाठ उतरवून घेतला, वही पूर्ण, पालक खूश. वही पूर्ण असणं आणि मुलाला येणं यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. उलट शिकवणीमुळे शाळेतल्या बाईंनाही कळत नाही की मूल कुठे अडलंय. प्राथमिक वयात गृहपाठाचा आणि गुणांचा संबंध नगण्यच असतो, असं हॅरिस कूपर या अमेरिकन अभ्यासकानं कितीतरी पाहण्या एकत्र करून दाखवलं आहे. शिकवणीच्या ताईंना एकच विनंती करा: गृहपाठ राहिला तरी चालेल, पण रोज दहा मिनिटं याचं वाचन ऐका. त्या 'वेळ नाही' म्हणाल्या तर तुमचे पैसे कशाचे जातात हे कळलं. तसंच स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळणारे 'प्रोजेक्ट'. थर्माकोलचा ज्वालामुखी विकत घेऊन दिलात, तर शिकला फक्त दुकानदार.

भाड्यानं राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी शिक्षणाच्या पुस्तकांत सापडत नाही. आपल्याकडे घराचा करार अकरा महिन्यांचा. तो कधी ऑगस्टात संपतो, कधी जानेवारीत. मालक भाडं वाढवतो आणि कुटुंब मिरा रोडहून नायगावला किंवा विरारला जातं. मुलाची शाळा वर्षाच्या मध्यात सुटते, नव्या शाळेत तोच धडा पुढे गेलेला असतो, मित्र नसतात, आणि असं तीन वेळा झालं की मूल चौथीपर्यंत कुठल्याच वर्गाचं राहत नाही. जमेल तसा करार एप्रिल-मेमध्ये संपेल असा करून घ्या. एखाद्या वेळी मुद्दाम कमी किंवा जास्त मुदतीचा केला की पुढचं गणित बसतं. मध्येच हलावं लागलं तर शाळा सोडल्याचा दाखला लगेच मागा. तो देणं मुख्याध्यापकांना कायद्यानं बंधनकारक आहे, आणि दाखला यायचा आहे म्हणून नवी शाळा प्रवेश लांबवू शकत नाही. गावी जाण्याचंही हेच. गणपतीला कोकणात दहा दिवस जाऊ नका असं मी कशाला म्हणेन? पण जोडून आणखी आठवडा राहण्याआधी वर्गात काय चालू आहे ते विचारून घ्या, कारण भागाकार त्याच आठवड्यात सुरू झालेला असू शकतो.

आपल्याच रेल्वेमार्गावर, डहाणूजवळ कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे सगळं फार आधी ओळखलं होतं. 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती. 'त्यांना शिकायचंच नाही' असं म्हणणं सोपं होतं. त्यांनी कारण शोधलं: मुलांकडे गुरं होती आणि कडेवर धाकटं भावंड. मग बालवाडी पाड्यातल्या अंगणात गेली, गुरं चरतात त्या कुरणावर कुरणशाळा भरली, आणि 1957 नंतर कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एकत्र आली. ताई शिकायला आली की धाकटाही तिथंच. काशिमिऱ्याच्या पाड्यांवर किंवा कारखान्यांमागच्या चाळींत आजही दहा वर्षांची मुलगी शाळा बुडवते ती बहुधा तान्ह्या भावामुळे. अशा घरी 'शाळेत पाठवा' असं बजावून काही होत नाही, अंगणवाडीत त्या भावाचं नाव घालायला मदत केली तर होतं. तिकडच्या वाचकांनी पालिकेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत हा विषय काढावा. त्या समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या असतात आणि पुष्कळ पालकांना त्याचा पत्ताच नसतो.

कौतुक आणि मार. मारणं आणि मानसिक छळ शाळेत शिक्षण हक्क कायद्यानं बंद आहे, कलम 17. घरातल्या लाटण्याला कलम नाही, पण परिणाम तोच. मार खाणारं मूल चूक लपवायला शिकतं, आणि लपवलेली चूक दुरुस्त होत नाही. कौतुकाचं जरा अवघड आहे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी 1998 साली पाचवीच्या मुलांवर केलेल्या प्रयोगांत 'किती हुशार आहेस' असं ऐकलेली मुलं पुढचं अवघड काम टाळू लागली, आणि 'किती मेहनत घेतलीस' असं ऐकलेली टिकून राहिली. पुढे या विचाराचा फार गाजावाजा झाला आणि नंतरच्या अभ्यासांत त्याचा परिणाम बराच लहान निघाला, त्यामुळे तो रामबाण समजू नका. तरी 'मोड करायची युक्ती तुला आज स्वतःहून सुचली' असं नेमकं बोलायला पैसे पडत नाहीत. 'आत्याचा आरव बघ' यापेक्षा तर नक्कीच बरं.

एवढं सगळं पाहिलं, वर्षभर रोज वाचन झालं, डोळे-कान ठीक, शाळा नियमित, आणि तरीही आठ वर्षांचं, बोलण्यात चुणचुणीत मूल वाचता-लिहिताना जागच्या जागी असेल, तर अध्ययन अक्षमतेची शंका घ्यायला हवी. 2007 सालच्या 'तारे जमीं पर' मुळे हे नाव घरोघरी पोचलं, पण त्यामुळे प्रत्येक खराब अक्षराला हेच लेबल लावायची फॅशनही आली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता मोजली जाते, आणि शाळेनं तिसरीत किंवा आठव्या वर्षी प्राथमिक चाळणी करावी असं अपेक्षित आहे. त्याआधी ठाम निदान करून देणाऱ्यांपासून जपून राहा. मुंबईत सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय, नायर अशा सार्वजनिक रुग्णालयांत तपासणी आणि प्रमाणपत्राची सोय आहे. प्रमाणपत्र मिळालं की परीक्षेत जादा वेळ आणि इतर सवलती मिळतात. रांग लांब असते, फेऱ्या पडतात, म्हणून निकालाच्या तोंडावर नको, जूनमध्येच सुरुवात करा. शाळेचं पत्र आणि मागच्या दोन वर्षांच्या वह्या बरोबर न्या; तपासणाऱ्याला गुणपत्रिकेपेक्षा वह्या जास्त सांगतात.

आणि पालकसभा. तिथं 'अभ्यासात कसा आहे?' विचारलं की 'ठीक आहे, थोडं लक्ष द्या' एवढंच उत्तर मिळतं, कारण बाईंच्या मागे चाळीस पालक उभे असतात. नेमकं विचारा. वर्गात मोठ्यानं वाचायला उठतो का? समजलं नाही तर हात वर करतो की शेजाऱ्याचं बघून लिहितो? बसतो कुठल्या बाकावर, आणि कुणाजवळ? मधल्या सुट्टीत कुणाबरोबर खेळतो? बाईंना यातलं एखादं सांगता आलं नाही तर त्यांना दोष देऊ नका, 'आठवडाभर बघून सांगाल का' म्हणा आणि पुढच्या सोमवारी शाळा सुटताना फाटकाशी थांबा.